न उतरलेला रावण

बाबा खाली बघत नाही, हे पाड्यावर सगळ्यांना माझ्या आधी दिसलं. त्याचं कारणही त्यांनीच ठरवून टाकलं. कारण मी होते.

आमच्या पाड्यावरची पहिली बी.ए. मी. पोशेऱ्याच्या पलीकडे उतारावर वीस-बावीस घरं, त्यातलं कुणी जव्हारच्या कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी चढले, पास झाले, आणि जव्हारलाच एका आश्रमशाळेत क्लार्क म्हणून लागले. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. हे सांगताना मी आजही आवाज खाली करत नाही. बाबा तर यष्टीच्या कंडक्टरलाही सांगायचा. तिकीट फाडून होईपर्यंत माझा निकाल सांगून झालेला असायचा.

त्यामुळे दोनेक वर्षांनी तो हनुवटी वर करून, ताठ मानेनं चालायला लागला, समोरून कुणी आलं तर डोळे न मिटता बघत राहायला लागला, तेव्हा लोकांनी दोन आणि दोन चार केले.

"काय गं, तुझा बाबा आता आभाळात बघून चालतो," विहिरीवर एक काकी म्हणाली. "माझ्या पायावर पाय दिलान् परवा. खाली बघाया नको? पण पोरगी साहेबीण झाली ना!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. खरं सांगते, मला ते आवडलं होतं. जन्मभर खाली मान घालून फॉरेस्टच्या, सोसायटीच्या, दवाखान्याच्या खिडकीपाशी उभा राहिलेला माणूस. माझ्यामुळं त्याची मान वर झाली असेल तर होऊ दे, असं मला वाटलं.

दुसरं कारण लोकांना आयतंच सापडलं होतं. आमच्या घराकडे बोहाड्यातल्या रावणाचा मान होता. बोहाडा म्हणजे चैत्रात आमच्याकडे देवादैत्यांची सोंगं नाचवतात तो उत्सव. प्रत्येक सोंग एकेका घराचं. लाकडी मुखवटा बांधून संबळ-सनईच्या तालावर त्या घरचा माणूस ते नाचवतो. आमचा रावण पांगाऱ्याच्या लाकडाचा, मधे मोठं तोंड आणि दोन्ही बाजूंना बांबूच्या कामटीवर बांधलेली बाकीची तोंडं. बाबाच्या आधी आजा नाचवायचा.

रावणाची एक रीत होती. तो वाटेनं येताना लोक त्याला चिडवायचे, नावं ठेवायचे, करवंदं मारायचे. "ए दहा तोंडाच्या, इकडं बघ! तुझी बायको पळाली!" रावणानं बघायचं नाही. बघितलं की हरला, मग वर्षभर चेष्टा. बाबानं वीस वर्षांत एकदाही बघितलं नव्हतं. मी लहान असताना एका वर्षी मुद्दाम किंचाळले, "बाबा, मी पडले!" तरी नाही. देवळात मुखवटा उतरवून ठेवल्यावर आधी माझे गुडघे तपासले, मग एक चापट मारली.

तर लोक म्हणायला लागले, रावण नाचवून नाचवून हा रावणच झाला.

ते मला पहिल्यांदा टोचलं एका लग्नात. पाड्यावरचंच लग्न, आमच्या शाळेतले दोन शिक्षक माझ्याबरोबर आले होते. पंगत जमिनीवर. बाबा माझ्या समोरच्या ओळीत ताठ बसला आणि त्यानं हात घातला तो शेजाऱ्याच्या पत्रावळीत. पुढचा घास आमटीसकट गुडघ्यावर.

"रावणा, तुझी लंका इकडं हाय!" शेजारी म्हणाला आणि सगळी ओळ हसली. माझे शिक्षकही हसले.

मी वाकून दातओठ खात म्हणाले, "बाबा, खाली बघून जेव ना!"

"बघतोय गं," तो म्हणाला. बघत नव्हता. माझ्या डोक्यावरून मांडवाच्या खांबाकडं त्याची नजर होती, एकदम स्थिर.

घरी येताना मी त्याला काय काय बोलले ते लिहिणार नाही. तो ऐकून घेत होता. ओटीवर बसल्यावर म्हणाला, "बाय, माझा रावण उतरलाच नाय बघ. आजून बांधलेलाच हाय असं वाटतं."

मी म्हणाले, "असलं काही बोलू नको. मी शिकलेय. अंगात येणं, भुतंखेतं माझ्यासमोर नको."

हे वाक्य मी त्याचं तोडलं, हे मला पुढं फार महागात पडलं.

मग पडणं सुरू झालं. ओटीवरून, बांधावरून, जव्हारच्या स्टँडवर यष्टीतून उतरताना. तोंडावर नाही, मागं, झाड पडावं तसा. लोक म्हणाले, मोहाची घेतो. बाबानं मोहाची कधी घेतली नाही असं मी म्हणणार नाही, पण तेव्हा घेत नव्हता. दर रविवारी मी घरी यायची तर तो अंगणातल्या तीन पायऱ्यांवर अनवाणी वरखाली करत असायचा. पायाच्या अंगठ्यानं प्रत्येक दगडाची कड चाचपायचा, पुन्हा वर, पुन्हा खाली. आई म्हणायची, "दिसभर हेच. याड लागलं." मी त्याला धरून आत बसवायची.

जव्हारला डोळ्यांचं शिबिर झालं, तिथं नेलं. भिंतीवरची चित्रं त्यानं शेवटच्या ओळीपर्यंत ओळखली. डोळे चांगले आहेत म्हणाले, जवळचं बघायला चष्मा दिला. जवळचं म्हणजे नजर खाली नेऊन काचेच्या खालच्या भागातून बघायचं. तो चष्मा घालून तो दुसऱ्याच दिवशी पडला आणि भुवई फुटली.

शेवटी मी रजा टाकली आणि त्याला नाशिकला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या मेंदूच्या डॉक्टरांनी आम्हाला सगळ्यांत शेवटी आत घेतलं, पण घेतल्यावर घाई केली नाही.

"आजोबा, वर बघा." थोडंसं जमलं. "डावीकडे. उजवीकडे." जमलं, पण सावकाश, जड गाडी वळावी तसं. "आता खाली बघा. पायांकडे."

बाबानं ओठ आवळले. कपाळावर आठ्या आल्या. सगळा चेहरा खाली बघायला निघाला, बुबुळं जागची हलली नाहीत.

डॉक्टर मला म्हणाले, "आता बघा हं." त्यांनी बाबाला 'माझ्या नाकाकडे बघत राहा' म्हणून सांगितलं, दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं आणि हळूच मागं कलतं केलं. डोकं मागं गेलं आणि बाबाची बुबुळं खाली सरकली. अगदी खाली, पापणीला टेकेपर्यंत.

मी उठून उभी राहिले. "जातात की खाली!"

"जातात. डोळा फिरवणारे स्नायू ठीक आहेत, त्यांच्या नसाही ठीक आहेत," डॉक्टर म्हणाले. "डोकं हललं की नजर जागेवर ठेवण्यासाठी डोळे आपोआप उलटे फिरतात. ते कुणाला विचारत नाहीत. ती जुनी वाट आहे, कानातल्या तोलापासून निघते. पण 'मला आता खाली बघायचंय' हा हुकूम वेगळ्या वाटेनं येतो, मेंदूच्या पुढच्या भागातून. ती वाट यांची बुजत चाललीय. हुकूम सुटतो, पोचत नाही."

मग त्यांनी आणखी एक खेळ केला. दोन्ही बाजूंना एकेक बोट धरलं. "ज्या बाजूचं बोट हलेल तिकडे बघायचं नाही. उलट्या बाजूला बघायचं." बोट हललं, बाबाची नजर त्याच्यावरच. पुन्हा तेच. दहा वेळा तेच. डॉक्टरांनी मला बसवलं. पहिल्या वेळी माझीही नजर हलणाऱ्या बोटाकडे पळाली. दुसऱ्यापासून मी तिला धरून ठेवली.

"बघणं सोपं असतं," डॉक्टर म्हणाले. "हललेल्या गोष्टीकडे डोळे धावणारच. त्यांना 'थांब, जायचं नाही' सांगणं हे मेंदूचं जास्त कष्टाचं काम. यांचं तेही गेलंय."

मी बाबाकडं बघितलं. वीस वर्षं करवंदांचा मार खाऊन न वळलेली ती नजर आता डॉक्टरांच्या बोटामागं कोंबडीच्या पिलासारखी फरफटत होती.

डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं, मी ते स्पेलिंग विचारून लिहून घेतलं. औषध? गोळ्या देतो, फार आशा ठेवू नका. वाढणार. मान, बोलणं, गिळणं, सगळ्यात जाणार. मग ते बाबाकडं वळले. "आजोबा, तुम्हाला स्वतःला काय होतं? तुमच्या शब्दांत सांगा."

बाबा म्हणाला, "रावण..."

"ते आमच्याकडचं एक सोंग आहे, सर," मी मधेच म्हणाले. "ते तसं काही नाही. गावठी समजूत." मला वाटलं, डॉक्टर आम्हाला अडाणी म्हणतील.

परतीच्या यष्टीत घाट लागला तेव्हा बाबानं एकच विचारलं. जीभ जड झाली होती, तरी नीट विचारलं. "मी नाचवणार नाय आता. ते कळलं. पण हातानं देता येईल ना?"

हे समजावून सांगायला हवं. सोंग दोन प्रकारे घरातून जातं. नाचवणारा थकला की तो स्वतःच्या हातानं पुढच्याला देतो. त्यासाठी बोहाड्याच्या आधी मुखवट्यासमोर बसून नजर उतरवायची, म्हणजे डोळे आपल्या पायांशी न्यायचे, मग मुखवटा उचलून दुसऱ्याच्या हातात ठेवायचा. हा मान असतो. दुसरा प्रकार म्हणजे काढून घेणं. कुणी सोंगाला डोळ्याला डोळा दिला, माज केला, तर सोंगांचा कारभारी ते त्या घराकडून काढून घेतो. ज्याच्या घरातून काढलं त्याला पुढं कुणी कशात पुढं बसवत नाही. बाबाला रावण माझ्या चुलतभावाच्या हातात द्यायचा होता. स्वतःच्या हातानं. त्याला आता दुसरं काही नको होतं. गोळ्यांचंही त्यानं विचारलं नाही.

"देता येईल," मी म्हणाले. "मी समजावीन त्यांना. नीट समजावीन."

चैत्रात एका दुपारी सोंगं देवळाच्या माळ्यावरून काढली. देवळापुढच्या जांभळाखाली ती ओळीनं मांडली होती, नवा रंग दिलेली. कारभारी, बाबापेक्षा पाच-सात वर्षांनी मोठा, घोंगडीवर बसलेला. एकेक घर येत होतं, नजर उतरवत होतं, आपलं सोंग मागून घेत होतं. चुलतभावानं आणि मी बाबाला आणून रावणासमोर बसवलं.

"उतरव नजर," कारभारी म्हणाला.

बाबा बसला. मान ताठ, डोळे सताड उघडे, थेट रावणाच्या डोळ्यांत. एक पापणी हलली नाही.

"उतरव रं."

कुणीतरी मागून म्हणालं, "तो कशाला उतरवतो? त्याची पोर क्लार्क हाय."

मी पुढं झाले. हीच वेळ म्हणून किती दिवस मनात भाषण करून ठेवलं होतं. मी मेंदू म्हणाले, पुढचा भाग म्हणाले, हुकूम म्हणाले, दोन वाटा म्हणाले. शाळेतली मराठी बोलत होते, आणि जितकं कुणाला कळत नव्हतं तितकी आणखी शुद्ध बोलत होते. नाशिकचा कागद दाखवला. कारभाऱ्यानं तो हातात घेतला, उलटा-सुलटा बघितला, परत दिला.

"आजा, याला खाली बघताच येत नाही," मी म्हणाले. "हे बघ, मी दाखवते. डॉक्टरनं मला दाखवलंय."

आणि मी बाबाचं डोकं दोन्ही हातांत धरलं. रावणाकडंच बघ म्हणाले. त्याचं डोकं हळूच मागं कलवलं.

बुबुळं खाली गेली. सगळ्यांनी बघितली.

मग कारभारी म्हणाला, "गेले की."

"नाही आजा, ते आपोआप..."

"पोरी, मी आंधळा नाय. तू हात लावलास तर गेले. माझ्या सांगण्यानं जात नायत. म्हणजे डोळे धड हायत."

"क्लार्कबाय बापाची मान धरून नाचवते!" विहिरीवरचीच काकी म्हणाली. मोठा हशा झाला. हसण्याकडं बाबाचे डोळे ओढले गेले, एका तोंडावरून दुसऱ्या तोंडावर, थांबेचनात. आता तो हसणाऱ्यांकडं टक लावून बघतोय असं दिसलं. हसू आटलं. मी "ऐका ना" म्हणत राहिले. नाशिकचे डॉक्टर ज्यावरून आजार आहे म्हणाले, त्याच गोष्टीवरून इथं माज ठरला होता, आणि ती मीच सगळ्यांच्या डोळ्यांसमोर करून दाखवली होती.

कारभाऱ्यानं रावण उचलून माझ्या चुलतभावाच्या हातात दिला. ज्याला द्यायचा त्यालाच गेला. पण बाबाच्या हातून नाही गेला.

घरी जाताना मी त्याला धरलं तर त्यानं कोपरानं माझा हात बाजूला सारला. दहा पावलांवर पडला.

बोहाड्याला आम्ही दोघं घरातच बसलो. संबळ ऐकू येत होतं. उजाडल्यावर चुलतभाऊ रावण देवळात ठेवून आमच्याकडं आला. अंगठ्याचं नख उखडलेलं, गुडघा सोललेला, अंगावर करवंदांचे डाग. सोंग नाचवून आल्यावर कारभारी प्रत्येकाच्या घरापर्यंत येतो, तसा तो मागून आला आणि अंगणातच उभा राहिला.

चुलतभाऊ बाबासमोर फतकल मारून बसला. "काका, तू कसा नाचवायचास रं? त्याच्यात खालचं कायच दिसत नाय. भोकं समोरच. मान वाकवावी तर कामटी छातीत घुसते. माझा पाय कुठं पडतोय तेच मला कळंना. तीनदा पडलो."

बाबा हसला. त्या आजारात चेहरा हसत नाही, पण घशातून आवाज आला. मग एकेक शब्द ओढत म्हणाला, "आधी... दुपारी... वाट पायानं पाठ करायची. अंगठ्यानं." अंगठा जमिनीवर घासला. "माझं रोजचं... तसंच हाय आता. उतरतच नाय."

अंगणात कारभारी होता तिथंच थांबला. त्यानं अंगणातल्या तीन पायऱ्यांकडं बघितलं. बाबाच्या अंगठ्यानं घासून त्यांच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. हा माणूस तरुणपणी स्वतः नरसिंह नाचवायचा.

"कधीपासून?" त्यानं विचारलं. बाबाला नाही, मला.

"दोन वर्षं झाली असतील."

"हा असाच बोलला होता? रावण उतरत नाय म्हणून?"

"हो."

"मग त्या दिशी हे का नाय सांगलंस? मेंदू मेंदू काय करत होतीस?"

त्या जांभळाखाली बसलेल्या निम्म्या पुरुषांनी कधी ना कधी मुखवटा बांधला होता. बाबाचं एक वाक्य सांगितलं असतं तर पुरलं असतं. डॉक्टरांसमोर मी ते गावठी म्हणून तोडलं, आणि गावासमोर ते मला आठवलंच नाही.

सोंगं तोवर माळ्यावर गेली होती. एकदा चढवली की वर्षभर उतरवत नाहीत. "पुढल्या चैत्रात त्याच्या हातानं देऊ," कारभारी म्हणाला. "तेवढा जगव."

तेवढं जगवणं म्हणजे काय, ते आईला आणि मला ठाऊक. मी जव्हार-पाडा रोज करायला लागले. पाटावर पाट रचून ताट त्याच्या डोळ्यांसमोर ठेवायचं. पेज घट्ट करायची, कारण पातळ छातीत जायची. पावसाळ्यात बोलणं गेलं. दिवाळीनंतर नजर डावी-उजवीकडंही वळेना. मग मी खोलीत शिरले की आधी त्याची नजर कुठं आहे ते बघायची आणि तिथं जाऊन उभी राहायची. तो मला बघत होता की मधे आलेलं काहीतरी बघत होता, मला कळत नसे. कित्येकदा मी त्या डोळ्यांवर ओरडलेय. "बघ ना! एकदा बघ!" आई मला बाहेर काढायची.

चैत्रात सोंगं उतरली त्याच दुपारी कारभारी, चुलतभाऊ आणि चार जण रावण घेऊन आमच्या घरी आले. सोंग घरी आणायची रीत नाही. कारभाऱ्यानं आणलं. बाबाला आम्ही खांबाला टेकवून बसवलं होतं, हाडं राहिली होती नुसती. कारभाऱ्यानं मुखवटा त्याच्या नजरेच्या बरोबर समोर धरला.

मी बाबाचे हात उचलून मुखवट्याच्या गालांवर ठेवले. बोटं मिटली नाहीत. खालून चुलतभावानं भार घेतला.

"नजर राहिली," कारभारी म्हणाला. मग माझ्याकडं बघून हळू आवाजात, "त्या दिशी केलं होतंस ना. तसं कर."

मी बाबाच्या मागं बसले. त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं. मान लाकडासारखी झाली होती, मला जोर लावावा लागला. डोकं मागं कललं. चुलतभाऊ समोरून बघत होता, म्हणून मी त्यालाच विचारलं.

"गेले का खाली?"

तो काही बोलेना.

"सांग ना रं, गेले का?"

"गेले," तो म्हणाला आणि रावण छातीशी धरून उठला.

मी हात काढले नाहीत. काढले असते तर नजर पुन्हा वर आली असती.